येलेना इसिनबायेवा: पाच मीटरांपलीकडची उडी

व्होल्गोग्राद येथे १९८२ मध्ये जन्मलेली येलेना इसिनबायेवा पाचव्या वर्षापासून जिम्नॅस्टिक्स शिकत होती. परंतु पंधराव्या वर्षी तिची उंची त्या खेळाला मानवेनाशी झाली आणि १९९७ मध्ये प्रशिक्षक येवगेनी त्रोफिमोव्ह यांच्या हाताखाली ती पोल व्हॉल्ट, म्हणजेच बांबूउडी, या प्रकाराकडे वळली. ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी हा प्रकार २००० साली सिडनीत प्रथमच खेळवला गेला, तेव्हा ती पात्रता फेरीतच बाद झाली.

या उडीत खेळाडू वेगाने धावत येऊन काचतंतूंचा लवचिक पोल जमिनीतील खाचेत रोवतो, धावेच्या जोराने पोल वाकतो आणि सरळ होताना खेळाडूला वर फेकतो; त्यानंतर मात्र हवेत उलटे होऊन, पाय वर नेत, अंगाला पीळ देऊन आडव्या दांडीवरून सुटायचे असते. हा उत्तरार्ध जवळजवळ जिम्नॅस्टिक्सच असल्याने इसिनबायेवाचे बालपणीचे शिक्षण येथे कामी आले.

अथेन्स ऑलिंपिकमध्ये २००४ साली ४.९१ मीटरांच्या विश्वविक्रमासह तिने सुवर्णपदक जिंकले. २२ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये आधी ४.९६ मीटरांचा विक्रम करून लगेच दांडी ५ मीटरांवर नेली आणि ती उंची ओलांडणारी ती पहिली महिला ठरली. एरवी ती विक्रम बहुधा एकेका सेंटिमीटरने वाढवी. प्रत्येक विक्रमाला बक्षीस असल्याने हा हिशेबीपणा टीकेचा विषय झाला, तरी पुरुषांच्या बांबूउडीतील विक्रमवीर सर्गेई बुबकानेही तेच केले होते आणि त्याचे प्रशिक्षक व्हिताली पेत्रोव्ह पुढे तिचेही प्रशिक्षक झाले. शिवाय असा हिशेब प्रतिस्पर्धी फार मागे असलेल्यालाच परवडतो. बीजिंगमध्ये २००८ साली तिने ५.०५ मीटरांसह दुसरे ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत तिची एकही उडी वैध ठरली नाही, कारण पहिली उडी ४.७५ मीटरांवर चुकल्यावर तिने उरलेले दोन प्रयत्न ४.८० मीटरांसाठी राखले आणि तेही फसले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत झुरिचमध्ये तिने ५.०६ मीटरांची उडी मारली, जी आजही महिलांचा विश्वविक्रम आहे.

लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली तिला कांस्य मिळाले, तर २०१३ मध्ये मॉस्कोत मैदानी जागतिक स्पर्धेतील तिसरे विजेतेपद. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणामुळे रशियाच्या ॲथलेटिक्स महासंघावर आलेल्या बंदीने, स्वतः कधीही दोषी न ठरलेल्या इसिनबायेवालाही २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला मुकावे लागले आणि त्याच ऑगस्टमध्ये तिने निवृत्ती जाहीर केली. जूनमधील रशियन राष्ट्रीय स्पर्धेत तिने ४.९० मीटर पार केले होते; रिओतील सुवर्णपदकाला ४.८५ मीटर पुरेसे ठरले.