काचघरातले ऑपरेशन

निरोगी माणसाच्या कातडीखाली पू धरायला स्टॅफिलोकोकस ऑरियस हे जंतू लाखांच्या संख्येने लागतात. त्याच जागी रेशमी टाक्याचा धागा असेल, तर काही शे जंतूही पुरतात. एलेक आणि कॉनेन या संशोधकांनी १९५७ साली स्वयंसेवकांवर प्रयोग करून हे दाखवले. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलताना शरीरात राहतो तो नुसता धागा नसतो. धातू, प्लास्टिक आणि बोन सिमेंट असा बराच ऐवज आत कायमचा ठेवला जातो. त्याला रक्तपुरवठा नसल्याने पांढऱ्या पेशी आणि रक्तातून जाणारी औषधे तिथे नीट पोचत नाहीत. पोटाच्या ऑपरेशनानंतर टाक्यात पू झाला तर तो बहुधा ड्रेसिंगवर निभावतो. सांध्यात झाला तर बसवलेला सांधा काढावा लागण्याची वेळ येते.

हा धोका किती मोठा आहे आणि तो कुठून येतो, याचा चिकाटीने शोध घेतला इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी. लँकेशायरमधील रायटिंग्टनचे रुग्णालय १९३३ साली क्षयरोग्यांसाठी उघडले होते. स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर तिथल्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या आणि त्या जागी चार्नली यांनी खुब्याच्या शस्त्रक्रियेचे केंद्र उभारले. त्यांच्या पहिल्या सांध्यांतली वाटी टेफ्लॉनची होती. दोन-तीन वर्षांतच ती झिजली आणि झिजेच्या भुकटीने सांध्याभोवतीचे हाड पोखरले. असे सुमारे ३०० रुग्ण होते आणि एकेकाला पुन्हा टेबलावर घेण्याचे काम चार्नली यांनी स्वतःच्या अंगावर घेतले. पुढे कापडगिरणीच्या मागांच्या गिअरसाठी वापरले जाणारे पॉलिएथिलिन एका विक्रेत्यामार्फत प्रयोगशाळेत आले. चार्नली यांना त्यात काही दम वाटला नाही. ते परगावी गेले असताना त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवून ठेवला. टेफ्लॉन एका दिवसात जेवढे झिजे, तेवढेही हे प्लास्टिक तीन आठवड्यांत झिजले नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये या नव्या वाटीचा पहिला सांधा बसला. शरीर या पदार्थांना कसे वागवते ते पाहण्यासाठी चार्नली यांनी दोन्हींचे नमुने स्वतःच्या मांडीतही घालून घेतले.

झिजेचा प्रश्न सुटला, पण पुवाचा सुटला नव्हता. सुरुवातीच्या वर्षांत शंभरातले सात ते नऊ सांधे आतून चिघळत. अवजारे ऑटोक्लेव्हमधून निघत, हात घासले जात, तरीही हे घडत होते. चार्नली यांचा संशय थिएटरच्या हवेवर गेला. माणसाच्या कातडीचे सूक्ष्म पापुद्रे सतत झडत असतात. चालताना मिनिटाला ते हजारोंनी सुटतात आणि त्यांतल्या काहींवर जंतू असतात. थिएटरमध्ये जितकी माणसे आणि जितकी त्यांची ये-जा, तितका हा अदृश्य कोंडा जास्त. तो उघड्या जखमेत पडतो, तसाच ट्रेमधल्या अवजारांवरही पडतो.

बोल्टनच्या हॉवर्थ कंपनीच्या मदतीने त्यांनी थिएटरच्या आत एक छोटी बंदिस्त खोली बसवली. लोक तिला काचघर म्हणू लागले. आत फक्त शस्त्रक्रिया करणारी मंडळी असत. रुग्णाचे डोके आणि भूलतज्ज्ञ बाहेर. छतातून गाळलेली हवा संथपणे खाली येई आणि तासाला सुमारे ३०० वेळा खोलीतली हवा बदले. तरी एक वाट मोकळी होती. गाउनच्या विणीतून सर्जनच्याच अंगावरचे पापुद्रे बाहेर पडत. म्हणून घट्ट विणीचा गाउन आणि डोके झाकणारा टोप आला. त्याला जोडलेली नळी आतली हवा शोषून बाहेर नेई. दहाएक वर्षांत, प्रतिबंधक अँटिबायोटिक न देता, रायटिंग्टनमधील संसर्गाचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणि पुढे त्याच्याही खाली गेले.

टीकाकारांचा आक्षेप रास्त होता: या काळात हवेबरोबर टाके घालण्याची पद्धत, हातमोजे आणि सर्जनचा सराव हेही बदलले होते. मग श्रेय नेमके कशाला द्यायचे? ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ओवेन लिडवेल यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटन आणि स्वीडनमधील रुग्णालयांत आठ हजारांवर शस्त्रक्रियांची चाचणी घेतली. कोणते ऑपरेशन कोणत्या थिएटरमध्ये होणार, हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरत होते. १९८२ साली निकाल आला. साध्या थिएटरमध्ये १.५ टक्के, अतिशुद्ध हवेत ०.६ टक्के. ज्या रुग्णांना आधीच अँटिबायोटिक दिले होते, त्यांच्यातही संसर्ग बराच कमी होता. मात्र औषध द्यायचे की नाही हे चिठ्ठीने ठरले नव्हते. हॅम्बर्गमध्ये बुखहोल्ट्स यांनी तिसरी वाट काढली होती. त्यांनी बोन सिमेंटमध्येच जेंटामायसिन मिसळले. ते सांध्याभोवती हळूहळू पाझरत राही.

शिरकाव झालाच, तर पुढची लढाई का अवघड जाते, याचे उत्तर बायोफिल्ममध्ये आहे. पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीवर हात फिरवला की बोटाला बुळबुळीत थर लागतो, तो बायोफिल्मच. जंतू धातूला चिकटले की स्वतःभोवती असाच चिकट थर विणतात. आतले जंतू जवळपास सुस्त होऊन राहतात आणि वाढणाऱ्या जंतूंवर वार करणारी औषधे त्यांच्यावर चालत नाहीत. मोकळे जंतू मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट मात्रा देऊनही हे मरत नाहीत. अलीकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक चिवटपणा दिसला. गोल स्टॅफिलोकोकस आपला आकार लांबट करून हाडातल्या, त्याच्याहून अरुंद अशा नलिकांत शिरतो. वर्षानुवर्षे शांत राहिलेली हाडाची जखम एकाएकी पुन्हा वाहू लागते, त्यामागे हे एक कारण असावे.

थरात दडलेले जंतू तपासणीलाही हुलकावणी देतात. सांध्यातले पाणी एकदा काढून 'काही वाढले नाही' असा अहवाल आला, म्हणून संसर्ग नाही असे समजता येत नाही. त्यामुळे ऑपरेशनाच्या वेळी वेगवेगळ्या जागांचे पाच-सहा नमुने, प्रत्येकासाठी नवे अवजार वापरून, घेतले जातात आणि संथ वाढणाऱ्या जंतूंसाठी दोन आठवडे राखले जातात. काढलेला सांधा ध्वनिलहरींनी हलवून त्यावरचा थर सोडवला, तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते. २००७ सालच्या एका अभ्यासाने ते दाखवले.

संसर्ग काही दिवसांचा असेल तर जखम उघडून, धुऊन, प्लास्टिकचा भाग बदलून मूळ सांधा वाचवता येतो. थर पक्का झाल्यावर सांधा काढण्यावाचून गत्यंतर नसते. पोकळीत औषधयुक्त सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवतात आणि काही आठवड्यांनी नवा सांधा बसवतात. तोवर रुग्णाला पायावर पुरता भार टाकता येत नाही. निवडक रुग्णांत हे सगळे एकाच बैठकीत करण्याची पद्धत हॅम्बर्गने रुळवली. बायोफिल्ममध्ये काम करणाऱ्या मोजक्या औषधांत रिफॅम्पिसिन आहे, क्षयाच्या उपचारामुळे भारतात घरोघर माहीत झालेले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा स्विस चाचणीत ते जोडीला घेऊन उपचार पूर्ण केलेले बाराही रुग्ण बरे झाले, त्याविना बारांतले सात. एकट्याने दिले तर मात्र जंतू त्याला झपाट्याने दाद देईनासे होतात. क्षय अजून सर्रास असलेल्या देशात हे औषध सांध्यासाठी सुरू करण्यापूर्वी सांध्याचाच क्षय नाही ना, हे पाहणे अगत्याचे ठरते.

शिक्षणाचा प्रश्न या सगळ्यात गुंतलेला आहे. शिकणाऱ्याचा हात संथ चालतो, जखम जास्त वेळ उघडी राहते आणि पाहायला माणसेही जास्त जमतात. ऑपरेशन लांबले की संसर्गाची शक्यता वाढते, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणून शिकवणे टाळायचे, तर पुढच्या पिढीचे सर्जन येणार कुठून? चार्नली यांची अट या बाबतीत कडक होती. रायटिंग्टनला येऊन पद्धत शिकल्याखेरीज त्यांचा सांधा सर्जनला विकत मिळत नसे. व्यापाराच्या दृष्टीने हा तोटा होता, रुग्णाच्या दृष्टीने फार मोठा लाभ. आज पहिले कित्येक घाव प्लास्टिकच्या हाडांवर घालून घेतले जातात आणि मग निवासी डॉक्टर टेबलाशी येतो.

नुसती यंत्रे घेतली आणि शिस्त घेतली नाही, तर काय होते, याचा इशारा न्यूझीलंडच्या नोंदवहीने दिला असावा. दहा वर्षांतल्या ८८ हजारांवर सांध्यांच्या नोंदींत शुद्ध हवेची थिएटरे आणि नवे हेल्मेट-गाउन वापरूनही लवकर होणारा संसर्ग घटला नव्हता, उलट वाढलेला दिसला. कारणाबद्दल एकमत नाही. पण चार्नली यांचा पोशाख हवा शोषून घेई, तर नवे हेल्मेट पंख्याने हवा आत ढकलते आणि ती गाउनच्या फटींतून बाहेर पडते. शिवाय जखमेवर झुकलेली डोकी आणि मोठे दिवे वरून येणारी हवा अडवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली संसर्ग टाळण्यासाठी अशी हवा-यंत्रणा वापरू नये अशी सूचना केली. त्यामागचा पुरावा भक्कम नसल्याचेही तिनेच नमूद केले आणि ब्रिटनमध्ये ही थिएटरे अजून चालू आहेत.

त्यामुळे शिकवण्याचा भर आता साध्या गोष्टींवर आला आहे. मधुमेह आटोक्यात आणल्याशिवाय तारीख द्यायची नाही. केस वस्तऱ्याने न काढता क्लिपरने काढायचे, कारण वस्तऱ्याच्या ओरखड्यांत जंतू घर करतात. अँटिबायोटिक छेद घेण्यापूर्वी तासाभरात शिरेतून गेलेच पाहिजे. थिएटरचे दार किती वेळा उघडले, हे मोजायचे. हातमोजे दोन घालायचे, आतला गडद हिरवा आणि वरचा फिका. हाडाच्या धारदार कडेने वरचा फाटला आणि आत ओल शिरली, की तेवढ्या जागी हिरवा डाग उमटतो. तो दिसताच हात बाजूला घेऊन मोजा बदलायचा आणि सांध्याला हात लावण्याआधी, डाग दिसो वा न दिसो, वरचा मोजा नवा चढवायचा.