आखातातली कमाई आणि निवृत्तीची तरतूद: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुवेतच्या अहमदी प्रांतातल्या अबू हलीफात, तसेच शेजारच्या मंगाफ, महबूला आणि फहाहीलमध्ये, राहणाऱ्या मराठी नोकरदाराचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी संपली की मायदेशी परतणे आलेच. कुवेतची सरकारी पेन्शन भारतीयांना मिळत नाही, म्हणून निवृत्तीची तरतूद ज्याची त्यानेच करायची असते. बाजार कोसळला की ही तरतूद मोडते, ती बहुधा पुढील समजुतींमुळे.

गैरसमज १: इंडेम्निटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, म्हातारपणाला पुरेल.
वस्तुस्थिती: २०१० च्या कामगार कायद्यानुसार मासिक पगारदाराला पहिल्या ५ वर्षांसाठी दरवर्षी १५ दिवसांचा, पुढे दरवर्षी एक महिन्याचा पगार मिळतो. एकूण रक्कम दीड वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नसते. महिन्याचे २६ दिवस धरले तर ४०० दिनार पगारावर २० वर्षांनी सुमारे ७,१५४ दिनार हाती येतात, म्हणजे जेमतेम १८ महिन्यांचा पगार. १० वर्षांच्या आत राजीनामा दिल्यास त्यातही कपात होते.

गैरसमज २: शेअर बाजार म्हणजे जुगार.
वस्तुस्थिती: कुवेतमधल्या जुन्या रहिवाशांच्या मनात ही धास्ती बसायला कारण आहे. १९८२ मध्ये तिथला ‘सूक अल-मनाख’ हा अनौपचारिक बाजार कोसळला. तिथे पुढील तारखांचे चेक देऊन, म्हणजे उधारीवर, सट्टा चालत असे. ते चेक वटेनासे झाले आणि सारा डोलारा खाली आला. दरमहा पगारातून, कर्ज न काढता अनेक कंपन्यांत विभागून केलेली गुंतवणूक वेगळी. तिच्यातही जोखीम असते, पण उधारी फेडण्यासाठी पडत्या भावात विकायची पाळी येत नाही.

गैरसमज ३: बाजार पडला की एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता, थांबवावी, सावरला की सुरू करावी.
वस्तुस्थिती: जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या वर गेलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या खाली आला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा २१,००० ला पोहोचला. तळ कोणता, हे तेव्हा कोणालाच कळले नव्हते. समजा, दरमहा १०,००० रुपये भरले आणि चार महिन्यांत युनिटचा भाव ५०, २५, २५, ५० असा राहिला. तर ४०,००० रुपयांत १,२०० युनिट येतात. शेवटी त्यांची किंमत ६०,००० होते. मधले दोन हप्ते चुकवणाऱ्याचे २०,००० मात्र २०,०००च राहतात.

गैरसमज ४: धीर धरला की बाजार वेळेत वर येतोच.
वस्तुस्थिती: जपानच्या निक्केई निर्देशांकाला १९८९ चा उच्चांक ओलांडायला २०२४ उजाडले. म्हणून नुसता धीर पुरत नाही. गुंतवणूक एकाच देशात किंवा एकाच प्रकारात अडकवू नये. पुढच्या पाचेक वर्षांत लागणारे पैसे, जसे मुलांची फी, घराचा हप्ता, परतल्यानंतरचा पहिला खर्च, शेअरमध्ये ठेवूच नयेत. परतीची वेळ जवळ येईल तसतसा शेअरचा वाटा टप्प्याटप्प्याने कमी करावा. वर्षातून एकदा ठरलेले प्रमाण तपासून वाढलेले थोडे विकावे, घटलेले घ्यावे.

गैरसमज ५: एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या खात्यातली, मुदत ठेव असली की बाकी काही नको.
वस्तुस्थिती: या ठेवीच्या व्याजावर भारतात कर नाही, पण ही सवलत अनिवासी असेपर्यंतच. परतून रहिवासी झाल्यावर ती संपते. शिवाय २०-२५ वर्षांच्या महागाईपुढे ठेवीचे व्याज तोकडे पडू शकते. तरीही ठेव हवीच, ती अडीअडचणीसाठी. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने परत आणावे लागले. अनेकांची तिथली बचत तिथेच अडकली. किमान सहा महिन्यांचा घरखर्च भारतातल्या बँकेत सहज काढता येईल असा ठेवला, तर नोकरी गेली किंवा बाजार पडला तरी निवृत्तीच्या पैशाला हात लावावा लागत नाही. योजना वर्षानुवर्षे टिकते ती या सोयीमुळे.