विद्यापीठांच्या संगणकांची राखण

मे १९९८ मध्ये राजस्थानातील पोखरण येथे भारताने अणुचाचण्या केल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जूनच्या आरंभी, मुंबईतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या काही संगणकांत परदेशातून घुसखोरी झाली. हे कृत्य ‘मिलवर्म’ असे नाव धारण करणाऱ्या एका टोळीचे होते. तिचे सभासद अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स, न्यूझीलंड अशा विविध देशांतील असून बहुतेक जण शाळकरी वयाचे होते. शास्त्रज्ञांचा आपसांतील पत्रव्यवहार त्यांनी उतरवून घेतला आणि केंद्राच्या संकेतस्थळावर अण्वस्त्रविरोधी मजकूर झळकविला. अतिशय गोपनीय माहिती त्या यंत्रांवर ठेवलेली नव्हती, असे केंद्रातर्फे त्यावेळी सांगण्यात आले. तथापि, ज्या संस्थेच्या फाटकावर सशस्त्र पहारा असतो, तिच्या कपाटातील पत्रे हजारो मैलांवरील मुले घरी बसून वाचू शकतात, ही गोष्ट अनेकांना प्रथमच उमगली.

विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्याबाबत हा प्रश्न अधिक बिकट का होतो, हे समजून घेतले पाहिजे. बँकेची तिजोरी बंद ठेवण्यासाठीच असते. विद्यापीठाचे तसे नाही. दरवर्षी जून-जुलैमध्ये हजारो नवे विद्यार्थी तेथे येतात, जुने निघून जातात, पाहुणे संशोधक महिना-दोन महिने काम करून परततात, आणि या प्रत्येकाला संगणकाच्या जाळ्यात प्रवेश द्यावा लागतो. मुळात भारतातील शैक्षणिक संगणकजाळ्याचा पाया १९८६ मध्ये ‘अर्नेट’ या प्रकल्पाने घातला गेला, तो संशोधकांना एकमेकांशी सहजपणे देवाणघेवाण करता यावी म्हणूनच. ज्ञान मोकळे असावे हा विद्यापीठाचा धर्म होय. यास्तव दारे बंद करा, हा सल्ला येथे उपयोगी पडत नाही. कोणते दार कोणासाठी व किती काळ उघडे राहील, याची नोंद ठेवणे हेच खरे काम आहे. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते वर्षानुवर्षे चालू राहणे, ही किरकोळ वाटणारी ढिलाई पुष्कळदा घुसखोराच्या पथ्यावर पडते.

चोर नेहमीच कुलूप फोडतो असे नाही. बहुधा तो किल्ली मागून घेतो. मार्च २०१८ मध्ये अमेरिकी सरकारने नऊ इराणी नागरिकांवर आरोपपत्र दाखल केले. त्यातील तपशिलानुसार अमेरिकेतील १४४ आणि इतर २१ देशांतील १७६ विद्यापीठे या टोळीच्या लक्ष्यस्थानी होती. पद्धत मोठी शिष्टाचाराची होती. एखाद्या प्राध्यापकास दुसऱ्या विद्यापीठातील प्राध्यापकाच्या नावाने पत्र येई. आपला शोधनिबंध वाचून आनंद झाला, याच विषयावरील पुढील लेखही पाहावेत, असे त्यात लिहिलेले असे. दिलेल्या दुव्यावर बोट ठेवताच त्यांच्याच विद्यापीठाच्या प्रवेशपृष्ठासारखे हुबेहूब पान उघडे. प्राध्यापक महाशय आपले नाव व परवलीचा शब्द तेथे लिहीत आणि तो थेट चोरांच्या हाती जाई. स्तुतीला विद्वानही भुलतात, हे या टोळीने नेमके ओळखले होते. पत्त्याच्या ओळीतील अक्षरे काळजीपूर्वक वाचणे, आलेला दुवा न वापरता ग्रंथालयाचे पान स्वतः उघडणे आणि परवलीच्या शब्दाखेरीज दूरध्वनीवर येणाऱ्या अंकांची दुसरी पडताळणी लावून घेणे, एवढ्याने ही युक्ती बहुतांशी निष्फळ ठरते.

आपल्या देशातील अलीकडचे मोठे उदाहरण नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे आहे. ही संस्था रुग्णालय आहे, तसेच वैद्यकीय शिक्षण व संशोधनाचे केंद्रही आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिचे पाच सर्व्हर निकामी झाले. त्यांवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती घुसखोरांनी सांकेतिक लिपीत बदलून टाकली, म्हणजे माहिती जागेवरच, पण मालकालाच वाचता येईना. कित्येक दिवस केसपेपर, दाखले, तपासणीचे अहवाल सारे हाताने लिहावे लागले आणि दूरवरून आलेले रुग्ण रांगांत ताटकळले. जाळ्याची योग्य विभागणी नव्हती, हे कारण शासनाने संसदेत सांगितले. जुन्या वाड्यात प्रत्येक चौकाला स्वतंत्र दरवाजा असतो, त्यामुळे एका चौकातील आग दुसऱ्यात सहसा जात नाही. संगणकाच्या जाळ्यातही वसतिगृह, परीक्षा विभाग व प्रयोगशाळा यांच्यामध्ये असेच दरवाजे लागतात. संस्थेची रुग्णनोंद अखेर परत मिळाली, ती एका राखीव सर्व्हरवरील प्रत सुरक्षित राहिली होती म्हणून. दहा वर्षे खपून जमविलेली पर्जन्याची वा पिकांची निरीक्षणे एकाच यंत्रावर ठेवणाऱ्या संशोधकाने एवढी एक गोष्ट तरी ध्यानात घ्यावी: एक प्रत जाळ्यापासून तोडलेली, वेगळ्या ठिकाणी असावी, आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे.

ग्रामस्थांचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. सुरतेलगतच्या सचिन, उधना या औद्योगिक भागांत खानदेशातून गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. तेथील असो वा आपल्या तालुक्यातील असो, यंत्रमागावर किंवा शेतात राबणाऱ्याच्या मुलीचा प्रवेश अर्ज, आधार क्रमांक, बँक खाते, जातीचा दाखला, गुणपत्रक हे सारे आज महाविद्यालयाच्या संगणकात असते. अर्ज भरून देणाऱ्या दुकानात परवलीचा शब्द कागदावर लिहून ठेवू देऊ नये, काम संपल्यावर खाते बंद झाल्याची स्वतः खात्री करावी, आणि शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचे सांगून दूरध्वनीवर ओटीपी मागणाऱ्यास तो मुळीच देऊ नये. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

संस्थाप्रमुखांसाठीही काळाची मर्यादा आहे. केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार, अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळविणे बंधनकारक आहे. बदनामीच्या भयाने प्रकरण दडपण्याकडे कार्यालयांचा कल असतो. परंतु ते दडपले गेले, तर त्याच रीतीने शेजारच्या महाविद्यालयावर होणारा हल्ला टाळण्याची संधीही हुकते.