गोठ्यास व शेडला सुरक्षित वीज

सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत टॉवेल व चादरी विणणारे यंत्रमाग चालतात. वसाहत ओलांडून कुंभारी, वळसंगच्या बाजूस गेले की ज्वारीची राने व वस्त्या लागतात. या वस्त्यांवर घरापासून काही अंतरावर गोठा किंवा कडब्याची शेड असते. तेथे दिवा हवा असतो, कडबाकुट्टी यंत्र चालवावयाचे असते. अशा वेळी घरातील प्लगमधून साधी वायर काढून ती झाडावरून वा पत्र्यावरून नेण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी दिसते. ही प्रथा माणसांच्या व जनावरांच्या जिवावर बेतणारी आहे.

याच वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यास १८ मे २०२५ रोजी पहाटे आग लागून आठ जण मृत्युमुखी पडले. शॉर्ट सर्किट हे आगीचे कारण असावे, असा प्राथमिक अंदाज त्या वेळी व्यक्त झाला होता. सुताचा कोंडा जसा ठिणगीने पेटतो, तसाच वाळलेला कडबाही पेटतो, हे शेतकऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

प्रथम मंजुरी

नव्या यंत्रामुळे विजेचा भार वाढणार असेल, तर महावितरणकडून वाढीव भार मंजूर करून घ्यावा. घरगुती, शेतीपंप व यंत्रमाग यांचे दर वेगवेगळे आहेत. ज्या कामासाठी जोडणी मंजूर आहे त्याहून वेगळ्या कामास वीज वापरल्यास विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ अन्वये दुप्पट दराने आकारणी होते. यास्तव शेतीपंपाच्या जोडणीवर शेडमधील माग चालवू नये. वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे व त्याचा चाचणी अहवाल जपून ठेवावा.

केबल कशी असावी?

वायर जितकी लांब व बारीक, तितका विजेचा दाब कमी होतो. समजा, शेड ४० मीटर दूर आहे व यंत्राची मोटार १० अँपिअर प्रवाह घेते. तांब्याची १ चौरस मिलिमीटरची वायर वापरल्यास जाऊन-येऊन सुमारे १४ व्होल्ट दाब वाटेतच खर्च होतो. मोटार सुरू होताना प्रवाह पाचपट होतो. त्या क्षणी ही घट ७० व्होल्टच्या घरात जाते. मग मोटार गुरगुरते, उचलत नाही व जळते. वायरही तापते. हीच वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतल्यास घट चौथ्या हिश्श्यावर येते.

केबल जमिनीखालून नेणे उत्तम. ती लोखंडी कवचाची असावी. पाऊण मीटर खोल चर खणून तळाशी वाळू पसरावी, केबल ठेवून पुन्हा वाळू टाकावी व वर विटा रचाव्यात, म्हणजे पुढे कुदळ लागली तरी सावध होता येते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात फुगते; म्हणून केबल ताणून न ठेवता थोडी सैल ठेवावी.

केवळ अर्थिंग पुरेसे नाही

अर्थिंगचा खड्डा केला म्हणजे काम झाले, अशी अनेकांची समजूत असते. ती अपुरी आहे. कोरड्या मुरमात अर्थिंगचा रोध २० ओहम भरला, तर यंत्राच्या सांगाड्यात वीज उतरल्यावर २३० व्होल्टला जमिनीत जेमतेम ११ अँपिअर प्रवाह जातो. त्याने १६ अँपिअरचा साधा ब्रेकर पडत नाही. सांगाड्यात वीज तशीच राहते, आणि त्यास ओल्या हाताने शिवणारा माणूस प्राणास मुकतो.

यावर उपाय म्हणजे गळती ओळखणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर. गेलेला व परत आलेला प्रवाह यांत इतका अल्प फरक पडला, तरी तो निमिषार्धात वीज तोडतो. अर्थिंग व हा ब्रेकर अशी दोन्ही साधने हवीत. न्यूट्रलची तार अर्थिंग म्हणून यंत्रास कदापि जोडू नये. ती वाटेत तुटल्यास यंत्राच्या अंगातच वीज येते.

जनावरांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. त्यांचे पुढचे व मागचे पाय दूर असतात आणि गोठ्याची जमीन ओली असते. त्यामुळे माणसास न जाणवणारी गळतीही त्यांना घातक ठरते. दावणीचे लोखंड अर्थिंगला जोडून घ्यावे. स्विच जनावरांच्या तोंडापासून व पाण्यापासून दूर, उंचावर असावेत. कडब्याच्या गंजीलगत उघडा जोड वा उघडा दिवा ठेवू नये.

देखभाल

शेडमध्ये सर्व वीज एकदम बंद करणारा मुख्य स्विच दाराजवळ असावा. गळती-ब्रेकरवरील चाचणीचे बटण दरमहा दाबावे. वीज न तुटल्यास ब्रेकर तात्काळ बदलावा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. कोणास विजेचा धक्का बसल्यास प्रथम मुख्य स्विच बंद करावा. त्यापूर्वी त्या माणसास स्पर्श करू नये. तुटलेली वाहिनी दिसल्यास जवळ न जाता १९१२ या क्रमांकावर कळवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील गोठे व शेड स्वतः पाहावेत आणि झाडावरून लोंबणारी वायर दिसेल तेथे मालकास वरील गोष्टी समजावून द्याव्यात. चांगली केबल व ब्रेकर यांस होणारा खर्च एका दुभत्या जनावराच्या किमतीपुढे थोडा आहे. माणसाच्या जिवाची तर किंमतच करता येत नाही.