घरबसल्या मिग-२१

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश अमलाखाली बांधल्या गेलेल्या गोंदियानजीकच्या बिरसी विमानतळावर आज राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेचे विद्यार्थी नागरी विमानविद्येचे धडे गिरवतात. परंतु ज्यांचे चित्त लढाऊ विमानांत गुंतलेले आहे, अशा हौशी मंडळींसाठी 'डीसीएस वर्ल्ड' हा सिम्युलेटर उपलब्ध असून, त्यातील मिग-२१ बिस हे विमान, त्याच जातीची विमाने नाशिकजवळच्या ओझर कारखान्यात तयार झालेली असल्यामुळे, आपणां महाराष्ट्रीयांस विशेष जवळचे वाटावे.

त्यातील कॉकपिटच्या कळा प्रत्यक्षाबरहुकूम चालतात. बॅटरी, इंधनपंप इत्यादींचा क्रम पाळल्याखेरीज इंजिन सुरूच होत नाही, आणि पंख आखूड व त्रिकोणी असल्याने उतरतेवेळी ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेग राखावा लागतो. भारतीय वायुदलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ला निरोप दिला, सबब त्याच्या उड्डाणाचा अनुभव सामान्यांस आता अशा सिम्युलेटरवर घ्यावा लागेल.

नवशिक्यांनी मात्र मिग-२१साठी पदरमोडीची घाई करू नये: सुखोई-२५टी, टीएफ-५१डी ही विमाने व कॉकेशसचा नकाशा विनामूल्य मिळतो, तूर्त एक साधी जॉयस्टिक घेऊन त्यांवरच हात बसवावा.