परसातील कोंबड्या : निगा आणि निर्बंध

आपल्या देशातील व आग्नेय आशियातील रानांत आजही आढळणारा तांबडा रानकोंबडा हा पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज होय. माणसाने त्याचा वंश अंगणात आणला खरा. परंतु माती उकरण्याची, उंचावर बसून रात्र काढण्याची आणि उजाडण्यापूर्वीच आरवण्याची त्याची खोड काही सुटली नाही. परसात चारसहा कोंबड्या बाळगणाऱ्या गृहस्थाचे शेजाऱ्यांशी होणारे तंटे पुष्कळदा या खोडींतूनच उद्भवतात.

आरवण्याच्या तक्रारीचे निवारण सोपे आहे. अंडी घालण्यासाठी कोंबडीला कोंबड्याची गरज नसते. त्याच्यावाचून घातलेले अंडे पोषणात उणे नसते. त्यातून पिल्लू मात्र निघत नाही. ज्याला केवळ अंडी हवीत, अशा शहरवासीयाने कोंबडा न पाळणेच इष्ट. खेड्यात खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवून २१ दिवसांनी पिल्ले मिळवावयाची असतात. तेथे कोंबड्यावाचून चालत नाही.

दुर्गंधीचे कारण रासायनिक आहे. पक्ष्यांच्या शरीरातील टाकाऊ नत्र मुख्यत्वे यूरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेबरोबरच बाहेर पडते. विष्ठा कोरडी राहिली तर फारसा वास येत नाही. ओल लागली की सूक्ष्मजंतू या आम्लाचे विघटन करून अमोनिया निर्माण करतात. म्हणून खुराड्यात भाताच्या तुसाचा किंवा लाकडाच्या भुशाचा दोनतीन इंचांचा थर पसरावा, तो वरचेवर हलवावा आणि भिजलेला भाग तत्काळ काढून टाकावा. खुराड्यात डोकावताच आपले डोळे चुरचुरू लागले, तर कोंबड्यांना ते अहोरात्र सोसावे लागत आहे असे समजावे.

परसात कोंबड्या पाळाव्यात की नाही, हे ठरविणारा एकच कायदा सबंध भारताला लागू नाही. नगरपालिकांचे नियम निरनिराळे असल्यामुळे तेथील कचेरीत आधी चौकशी करावी. गृहसंस्थेत राहणाऱ्याने तिचे उपविधीही पाहावेत. मात्र १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा घरच्या खुराड्यालाही लागू पडतो. हालचाल करता येणार नाही इतक्या अरुंद पिंजऱ्यात पक्षी कोंडणे, त्याला दाणापाणी न देणे, झुंजीस चिथावणे हे त्याखाली गुन्हे आहेत. संक्रांतीच्या झुंजी परंपरेच्या नावाखाली चालतात, म्हणून त्या कायदेशीर ठरत नाहीत.

खरा धोका रोगाचा. ज्याला आपण मानमोडी म्हणतो, तो विषाणुजन्य रोग १९२० नंतरच्या दशकात कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळला आणि भारतात त्या गावाच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. मान पिरगळते, हिरवट हगवण लागते आणि लस न टोचलेला सबंध कळप काही दिवसांत नाहीसा होऊ शकतो. अंडी विकून घरखर्चाला हातभार लावणाऱ्या बाईची सारी पुंजीच त्यात जाते. यावर औषध नाही, लस आहे : पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास टोचणी. अडचण अशी की, लसीच्या एका कुपीत पुष्कळ पक्ष्यांना पुरतील इतक्या मात्रा असतात आणि विरघळविलेली लस तास-दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? तेव्हा आळीतील सर्वांनी एकच दिवस ठरवून पक्षी एकत्र आणावेत, हे उत्तम.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला. पुढे २००९ मध्ये प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयी जो केंद्रीय कायदा झाला, त्यानुसार अशा रोगाचा संशय येताच ग्रामपंचायतीस किंवा गावच्या अधिकाऱ्यास कळविणे आणि आजारी पक्षी वेगळे ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. कळपावर गदा येईल या भयाने अनेकजण गप्प बसतात, किंवा आजारी कोंबड्या घाईने बाजारात नेतात. त्यामुळे रोग पुढच्या गावी पोहोचतो. बर्ड फ्लूमुळे सरकारी आदेशाने नष्ट केलेल्या पक्ष्यांना भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांना नव्हे. म्हणून वेळीच कळविण्यात मालकाचेही हित आहे. पक्षी एकाएकी पटापट मरू लागले, तर त्यांना उघड्या हाताने शिवू नये, नाल्यात टाकू नये. पशुवैद्य येईपर्यंत मुलांना खुराड्यापासून दूर ठेवावे.