विलंबाची किंमत दिव्यांगांनी का मोजावी?

संजय गांधी निराधार योजनेच्या अर्थसाहाय्यासाठी दिव्यांग व्यक्तीला आधी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळवावे लागते, मग तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. केंद्राच्या 2017च्या नियमांत प्रमाणपत्रासाठी एक महिन्याची मुदत होती. 2024च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. करमाळ्याहून तपासणीसाठी सोलापूरला येणाऱ्याला प्रत्येक हेलपाट्यात प्रवासखर्च आणि सोबत्याची बुडालेली मजुरी सोसावी लागते.

बोगस प्रमाणपत्रे रोखण्यासाठी कसून तपासणी हवी, हे म्हणणे रास्तच आहे. पण ताटकळत ठेवल्याने तपासणी अचूक होत नाही. टक्केवारी मान्य नसल्यास 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील कलम 59 अपिलाचा हक्क देते. तेही रखडले, तर हक्क कागदावरच राहतो. म्हणून पात्र ठरलेल्याला प्रमाणपत्रासाठीच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून रक्कम मिळावी. दिरंगाईचा भार यंत्रणेने उचलावा.